शहराची पत्रिका

माणसाला स्वतःची जन्मपत्रिका पाहण्याची जेवढी हौस असते, तिच्या शतांशानेही आपल्या शहराचा विकास आराखडा पाहण्याची नसते. मुलीच्या लग्नाचे घाटू लागले की आपण गुरुजींकडे चार खेपा घालतो आणि मंगळ कुठल्या घरात बसला आहे याची कसून चौकशी करतो. पण ज्या घरात आपण बसलो आहोत, त्या घरावरूनच कोणी साठ फुटी रस्ता नकाशात ओढून ठेवला आहे की काय, हे पाहायला नगररचना खात्याचा जिना चढणारा गृहस्थ हजारात एखादाच. मंगळाची शांत करता येते. नकाशातल्या रस्त्याची शांत करणारे गुरुजी मला अजून भेटायचे आहेत!

मला मात्र हा नाद आहे. नोकरीत होतो तेव्हा रविवारी आणि निवृत्त झाल्यापासून जवळजवळ रोज, जुने-नवे नकाशे पाहावेत आणि मग त्या रस्त्यांवरून पायी हिंडावे, हा माझा छंद. सौभाग्यवती म्हणतात, ‘लोक देवळे पाहायला जातात, तुम्ही गटारे पाहायला जाता.’ म्हणोत बापड्या. पण या हिंडण्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. शहराची सुधारणा म्हणून जे जे काही होते, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: जागा कोणाची घ्यायची आणि तिचे मोल कोणी द्यायचे? रस्ता असो, बाग असो, शाळा असो की मंडई असो, जागेवाचून काहीच होत नाही. आणि शहरातली मोकळी जागा म्हणजे कोणाची तरी जागा असतेच.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जरा जड वाटेल. पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे आणि ज्याला रोज कचेरीत वेळेवर पोचायचे आहे, त्याला यापेक्षा जवळचा विषय दुसरा कोणता?

प्लेगने काढलेले रस्ते

सुरुवात मुंबईपासून करू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला आणि पाहता पाहता निम्मी मुंबई गाव गाठण्यासाठी बाहेर पडली. त्या काळच्या वस्तीत घराला घर खेटलेले, मधल्या घळीत मोरीचे पाणी, आणि खोलीत दिवसाही दिवा लावावा लागावा असा अंधार. या शहराला हवा आणि उजेड मिळाल्याखेरीज गत्यंतर नाही हे सरकारला पटले आणि १८९८ साली ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था कायद्याने उभी राहिली.

या ट्रस्टने दाट वस्ती फोडून रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, सिडनहॅम रोड ही त्यांची त्या काळची नावे. आज आपण त्यांना शामळदास गांधी मार्ग, सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आणि महंमद अली रोड म्हणतो. पश्चिमेकडून समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा हा पूर्व-पश्चिम रस्त्यांमागचा एक हेतू होता. म्हणजे गाड्यांसाठी नव्हे, तर वाऱ्याच्या रहदारीसाठी ते रस्ते कापले गेले!

दुसरीकडे याच ट्रस्टने दादर-माटुंगा-शीव भागातली मोकळी जमीन मोठ्या प्रमाणावर संपादन केली, सखल भाग भरून घेतले, आधी रस्ते आखले, मग भूखंड पाडले आणि ते भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागांचा परिसर ही त्याची फळे. आज कोणीही त्या भागातून चालून पाहावे. झाडांची सावली आहे, पदपथ आहे, दोन इमारतींमध्ये अंतर आहे. आधी रस्ता आणि मग घर, हा क्रम पाळला म्हणजे काय होते, त्याचा हा शंभर वर्षांचा धडा आहे. आपण पुढे तो क्रम उलटा केला. आधी घरे बांधली आणि मग त्यांच्यामधून रस्ता शोधत बसलो.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या खोल्या पाडून ते रुंद रस्ते निघाले, त्या खोल्यांतली माणसे कुठे गेली? ट्रस्टने त्यांच्यासाठी चाळी बांधल्या हे खरे. पण पाडणे भराभर झाले आणि बांधणे सावकाश, अशी टीका त्या काळातच झाली. घरमालकाला भरपाई मिळे. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नसे. तो आपले बिऱ्हाड पाठीवर टाकून शेजारच्या गल्लीत जाई आणि ती गल्ली आणखी दाट होई. एका ठिकाणची गर्दी मोडली, ती दुसऱ्या ठिकाणी साचली. १९३३ साली ट्रस्टचा कारभार म्युनिसिपालिटीत विलीन झाला. त्याबरोबर हा प्रश्नही तिच्याकडे आला आणि अजून तो तिथेच आहे.

मोल किती?

सक्तीने जमीन घ्यायची तर तिचे मोल ठरवायचे कसे? १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने बाजारभाव आणि वर सक्तीबद्दल शेकडा १५ जादा, असा हिशेब घालून दिला. १९८४ साली ते १५ चे ३० झाले. २०१३ च्या नव्या कायद्याने तर बाजारभावाइतकीच रक्कम वर द्यायची ठरवली. या आकड्यांच्या चढत्या जिन्यावरून माणसाच्या घराकडे पाहण्याची सरकारची दृष्टी कशी बदलत गेली, ते समजते.

पण कायद्यात लिहिले म्हणजे सर्वांना सारखे मिळते असे नाही. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा. त्याखाली जमीन घेतली तर मालकाला सर्वसाधारण कायद्यापेक्षा कमी भरपाई बसे. १९७२ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकालाला आले. न्यायालयाने सरळ विचारल्यासारखे केले: ज्याची जमीन जाते त्याला ती शाळेसाठी गेली काय आणि सुधारणेसाठी गेली काय, फरक कोणता? सरकारने एका कायद्याने घेतली तर जास्त आणि दुसऱ्याने घेतली तर कमी, हा पंक्तिप्रपंच समतेच्या तत्त्वात बसत नाही, असा निर्णय झाला. घरातल्या पंक्तीत एका पानावर तूप आणि दुसऱ्यावर तेल वाढले तर आपण खपवून घेत नाही. इथे तर प्रश्न जन्माच्या मिळकतीचा होता.

भागीदारीची वाट

जमीन विकत घेतल्यावाचूनही रस्ता निघू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. त्याची युक्ती मला फार आवडते, म्हणून ती सोप्या उदाहरणाने सांगतो.

समजा, दहा शेजाऱ्यांची प्रत्येकी चाळीस गुंठे जमीन आहे. कोणाची पट्टी लांबुडकी, कोणाची तिरकी, कोणाच्या शेताला वाटच नाही. म्युनिसिपालिटी म्हणते, ‘तुम्ही सर्वांनी आपापल्या जमिनी एकत्र करा. मी त्यातून रस्ते काढते, एक बाग ठेवते, शाळेला जागा ठेवते आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले भूखंड तुम्हांला परत देते.’ चाळीस गुंठ्यांचे तीस परत मिळाले तरी ते तीस गुंठे आधीच्या चाळिसांपेक्षा मोलाचे ठरतात. जी किंमत वाढते, तिच्यातला निम्म्यापर्यंतचा हिस्सा योजनेच्या खर्चासाठी मालकाकडून घेण्याची सोयही कायद्याने ठेवली. कोणी गाव सोडत नाही, कोणाचे सर्वस्व जात नाही, आणि झळ सर्वांना सारखी बसते.

पुण्याच्या डेक्कन जिमखाना-एरंडवणे भागातल्या मंडळींच्या पत्त्यात ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो; वांद्र्याच्या पत्त्यात ‘टी.पी.एस.’ ही तीन अक्षरे असतात. आपण ती पाकिटावर निमूटपणे लिहितो. ती या भागीदारीची खूण आहे. शेजारच्या गुजरातने ही वाट सोडली नाही. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरांचा वर्तुळाकार रस्ता या शतकाच्या आरंभी झाला, तो बऱ्याच अंशी अशाच योजनांतून मिळालेल्या जमिनीवर. आपण मात्र ही वाट पुष्कळ वर्षे गवत वाढायला मोकळी सोडली. तिला वेळ लागतो, प्रत्येक मालकाशी बोलावे लागते, आणि बोलणे हे आपल्या कचेऱ्यांना नकाशा रंगवण्यापेक्षा अवघड वाटते.

मामांचे परसू

नकाशा रंगवणे किती सोपे असते, ते मी घरातच पाहिले. माझे मामा घाटावरच्या एका शहरात राहत. जुना वाडा आणि मागे ऐसपैस परसू. त्यात आड, फणसाचे झाड आणि मामींचा फुलबाग. १९७९ साली तिथला विकास आराखडा मंजूर झाला आणि मामांच्या परसावर भाजीमंडईचे आरक्षण पडले. शहराला मंडईची गरज होती यात शंका नाही. भाजीवाल्या बायका हमरस्त्यावर दुतर्फा बसत आणि सकाळी तिथून एस.टी. काढताना चालकाची तारांबळ उडे.

मंडई येणार म्हणून मामा वाट पाहत बसले. पाच वर्षे झाली, दहा झाली. जागा घ्यायला कोणी येईना आणि मामांना तिथे एक खोलीही बांधता येईना. विकायला काढावे तर आरक्षणाची जमीन म्हणून गिऱ्हाईक निम्मा भावही बोलेना. धाकट्या मामेभावाचे लग्न ठरले, तेव्हा मामींनी माजघरात पडदा लावून त्याचा संसार थाटून दिला.

१९९३ साली मी गेलो होतो. मामा ओसरीवर कागदांचे गाठोडे सोडून बसले होते.

‘अरे, तू ते नकाशे बघत हिंडतोस ना? मग मला एवढंच सांग, ही जमीन माझी आहे की त्यांची?’

‘मामा, तुमचीच आहे. पण तुम्ही त्यांना तसं लेखी विचारलंत का?’

‘विचारायचं काय? सातबारा माझ्या नावावर आहे!’

‘नोटीस द्या. कायद्यात एकशे सत्ताविसावं कलम आहे. दहा वर्षं उलटली आणि जागा घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची. सहा महिन्यांत त्यांनी हालचाल केली नाही, तर आरक्षण आपोआप सुटतं.’

आतून मामी म्हणाल्या, ‘बघा! चौदा वर्षं झाली. रामसुद्धा परत आला एवढ्यात.’

मामांनी नोटीस दिली. सहा महिने गेले, कोणी आले नाही, आरक्षण सुटले. परसात मामेभावाच्या दोन खोल्या उठल्या आणि मामींनी पडदा काढून त्याची पायपुसणी केली.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मी आजही त्या गावी जातो तेव्हा भाजीवाल्या बायका त्याच हमरस्त्यावर बसलेल्या असतात. आता बायकांच्या मुली आणि सुना बसतात. ऊन डोक्यावर, गाडी पाठीवर आणि मध्येच हुसकावणारा शिपाई. मामांना न्याय मिळाला तो त्या बायकांची मंडई गमावून मिळाला. याला मी दोन्ही बाजूंनी अन्याय म्हणतो. पैशांची तरतूद न करता नकाशात रंग भरला की मालकही बांधला जातो आणि शहरही उपाशी राहते. रंगाची पेटी स्वस्त आहे. जमीन महाग आहे. जी नगरपालिका पहिल्यावर खूष होऊन दुसरीचा विचार करीत नाही, ती नागरिकांची वर्षे खर्च करते. वर्षांची भरपाई कुठल्याच कायद्यात नाही.

(जाता जाता: नोटिशीनंतरची ती सहा महिन्यांची मुदत आता वाढून चोवीस महिन्यांची झाली आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी टिपून ठेवावे.)

कागदावरची जमीन

पैसा नाही म्हणून महापालिकांनी पुढे आणखी एक तोड काढली. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीने ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ आणला. मालकाने आरक्षित जागा महापालिकेला द्यायची आणि मोबदल्यात पैशांऐवजी बांधकामाच्या हक्काचे प्रमाणपत्र घ्यायचे. ते त्याने दुसरीकडे वापरावे नाहीतर बिल्डरला विकावे. महापालिकेच्या तिजोरीतला एक रुपयाही हलत नाही आणि जागा पदरात पडते. जादूच म्हणायची!

पण जादूगाराच्या टोपीतून ससा निघतो तेव्हा तो कुठून तरी आत आलेला असतो. त्या नियमांनी शहर भागातून निघालेले हक्क उपनगरांत वापरायचे होते. परिणाम असा झाला की पार्ल्यात, मुलुंडात, बोरिवलीत दोन मजली बंगल्यांच्या जागी सात-सात मजले चढले. रस्ता मात्र तोच, गटार तेच, पाण्याची वाहिनी तीच. जागेची किंमत दिली कोणी? ज्याने काही विकले नाही आणि काही घेतलेही नाही, त्या गल्लीतल्या जुन्या रहिवाशाने.

पंचाण्णव गावे

या हिशेबाचे सर्वांत कडू पान नवी मुंबईत आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. कल्पना देखणी होती: एका बेटावर गर्दी करण्याऐवजी समोरच्या तीरावर नवे शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातशेती आणि मिठागरे करणारी ही आगरी-कोळी गावे. भाव ठरला तो शेताचा, आणि जमीन उपयोगाला येणार होती शहराच्या. या दोहोंमधला फरक कोणाचा?

हाच प्रश्न घेऊन दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर भागात गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. त्या लढ्यातून तत्त्व निघाले ते असे: संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. जिची जमीन गेली त्या घरालाही नव्या शहराच्या भरभराटीत वाटा असावा, ही आज सरळ वाटणारी गोष्ट पाच जणांच्या प्राणांनी लिहिली गेली. पाम बीच रस्त्यावरून गाडी झरझर जाते तेव्हा हे आठवावे.

रस्ता रुंद केला, मग?

आता रहदारीकडे वळू. मुंबईत पहिला उड्डाणपूल केम्प्स कॉर्नरला १९६५ साली झाला. तेव्हा लोक तो पाहायला जात. आज पूल मोजायला दोन्ही हातांची आणि पायांची बोटे पुरत नाहीत. ज्या महंमद अली रोडसाठी ट्रस्टने एकेकाळी वस्ती कापली, त्याच्या डोक्यावर २००२ साली सुमारे अडीच किलोमीटरांचा आणखी एक रस्ता चढला. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तर पंधरा वर्षांच्या आत, २०२० साली पाडावा लागला, कारण त्या जागी मेट्रो आणि नवा दुमजली पूल बसवायचा होता. घरात मोरी बांधताना पुढे न्हाणीघर कुठे येईल याचा विचार साधा गवंडी करतो.

आणि रुंद रस्त्याने गर्दी हटते का? आमच्या घरात साड्या मावत नाहीत म्हणून मोठे कपाट आणले. चार महिने सुखाचे गेले. पाचव्या महिन्यात कपाट भरले! रस्त्याचेही असेच आहे. वाट मोकळी दिसली की काल लोकलने जाणारा आज गाडी काढतो. रस्ता माणसांसाठी मोजायचा की मोटारींसाठी, हे आधी ठरवले पाहिजे. साठ माणसांची बस जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत दोन-तीन मोटारी मावतात आणि त्यांत चार-पाच माणसे बसलेली असतात. मुंबईने १९६४ च्या मार्चअखेरीस ट्राम बंद केली, ती रस्ता अडवते म्हणून. ट्राम गेली, रस्ता मोकळा झाला असे आपल्यापैकी कोणाला वाटते का?

समुद्रातून रस्ता नेला तर कोणाचे घर पाडावे लागत नाही, असेही आपण समजतो. पण सागरी किनारा मार्गाच्या वेळी वरळीच्या कोळ्यांनी दाखवून दिले की समुद्रातही त्यांच्या होड्यांची वाट आहे. पुलाच्या दोन खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठेवले होते. त्यांनी ते वाढवण्याची मागणी लावून धरली आणि अखेर ते १२० मीटर करण्याचे ठरले. पाण्यालाही रहिवासी असतात.

तेव्हा, एवढे करा

हे सगळे वाचून आपण म्हणाल, ‘यात आम्ही काय करणार?’ पुष्कळ करता येते. आराखड्याचा मसुदा तयार झाला की तो प्रसिद्ध करावा लागतो, नकाशे लोकांना पाहायला ठेवावे लागतात आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुदत महिना-दोन महिन्यांचीच असते आणि जाहिरात वर्तमानपत्राच्या अशा कोपऱ्यात येते की तिथवर आपली नजर जात नाही.

मुंबईकरांची नजर २०१५ साली गेली. फेब्रुवारीत आलेल्या मसुद्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले आणि जुन्या वास्तू गायब झालेल्या लोकांना दिसल्या. हजारोंनी हरकती घेतल्या. त्यात वकील होते, शिक्षक होते आणि मुलांना शाळेत सोडून परस्पर कचेरीत आलेल्या गृहिणीही होत्या. एप्रिलमध्ये तो मसुदा नव्याने करण्याचा हुकूम निघाला आणि सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. एवढी ताकद एका साध्या अर्जात असते.

तेव्हा आपल्या गावचा मसुदा लागला की एक सकाळ काढा. आपल्या घराचा सर्व्हे नंबर घेऊन जा. आपल्या भिंतीवरून कुठली रेषा जाते ते पाहाच. पण तेवढे पाहून परतू नका. शाळेची जागा कुठे आहे, मंडईची कुठे आहे, ती घ्यायला पैसे कुठून येणार आहेत आणि जिथून रस्ता जाणार तिथल्या भाडेकऱ्याला कुठे पाठवणार आहेत, हेही विचारा. आपल्या घरावरची रेषा पुसून ती शेजारच्या झोपडीवर ढकलली, तर तिला सुधारणा म्हणता येणार नाही. अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.